१८ वर्षांचा मुलगा आणि ३०० हॉर्सपॉवरची गाडी: आमच्या घरातल्या वादाचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे, नावं देत नाही, पण लिहायला सगळ्यांची हो आहे (पुतण्याने तर कच्चा मजकूर वाचून दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्यातली एक मी केली). माझ्या मोठ्या भावाकडे एक टर्बो पेट्रोल सेडान आहे, साधारण ३०० हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना, ० ते १०० साडेपाच सेकंदांत. दादाने ती हौसेने घेतली, हौसेने सांभाळली, पण आता त्याला कामाची गाडी वेगळी मिळाली आणि ही बहुतेक वेळ कव्हरखाली उभी असते. पुतण्याला १८ पूर्ण झाली, लायसन्स निघालं, कॉलेज लांब, आणि दादाच्या डोक्यात हिशोब एकदम सरळ बसला, गाडी उभी आहे, पोरगं मोठं झालंय, देऊन टाकू त्याला. वहिनी म्हणाल्या अजिबात नाही. पुतण्या कुणाच्या बाजूने होता ते सांगायला नको. घरात बरेच दिवस धुसफूस चालली आणि शेवटी मला बोलावलं, कारण गाड्यांमधलं मला कळतं असा घरात एक समज आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, देऊ नये. पण त्याचं जे नेहमीचं कारण दिलं जातं ना, की आजकालची पोरं बेजबाबदार असतात वगैरे, ते इथे लागूच होत नाही. हा मुलगा शहाणा आहे. बेल्ट न सांगता लावतो, गाडी चालवताना फोनला हात लावत नाही, ड्रायव्हिंग स्कूल झाल्यावर आईला शेजारी बसवून घरच्या जुन्या हॅचबॅकवर नीट प्रॅक्टिस केलेली आहे. वर कार्टिंगला जातो आणि घरी स्टेअरिंग-पेडलवाला सिम्युलेटर आहे त्यावर तासन्‌तास रेस करतो, अंडरस्टिअर ओव्हरस्टिअर (वळणात गाडीची पुढची किंवा मागची चाकं बाहेर सरकणं) यावर माझ्याशी वाद घालू शकतो. पोरगं उडाणटप्पू असतं तर प्रश्नच नव्हता, दादानेही चावी दिली नसती. चांगल्या मुलाच्या बाबतीत काय करायचं हेच अवघड आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

दादाचे मुद्दे असे होते. ही गाडी हॅचबॅकपेक्षा कितीतरी सेफ आहे, सहा एअरबॅग, मोठे ब्रेक, स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की आपणहून सावरणारी यंत्रणा), आणि हॅचबॅकमध्ये फक्त दोन एअरबॅग. ताकद असली की ओव्हरटेक झटकन होतो, समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जास्त वेळ राहावं लागत नाही. विश्वास टाकल्याशिवाय पोरगं जबाबदार होणार कसं. आणि मग ते ठरलेलं, मी त्याच्या वयाचा असताना काय काय चालवायचो. वहिनींचा मुद्दा एकच होता, "गाडी कशी आहे ते मला कळत नाही, पण तो १८ वर्षांचा आहे हे मला कळतं."

मी म्हणलं बोलून काही होणार नाही, चालवून बघू. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर निघालो, रस्ता मोकळा, आधी हॅचबॅक आणि मग त्याच रस्त्यावर सेडान. दोन्ही वेळा मी शेजारी, वहिनी मागे (त्या हट्टाने आल्या), आणि दादाला मुद्दाम घरी ठेवलं कारण बाप शेजारी असला की पोरगं बापाला दाखवण्यासाठी चालवतं.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे स्पीडोमीटरवर कागद चिकटवला आणि फोनवर जीपीएसचा वेग लावून फोन माझ्या हातात ठेवला. हॅचबॅकमध्ये विचारलं किती वेग असेल, म्हणाला ७०, फोनवर ७२. अगदी बरोबर. ती गाडी स्वतःच सांगते, सत्तरला इंजिन ओरडायला लागतं, दाराच्या रबरातून वारा शिट्टी मारतो, स्टेअरिंग थरथरतं. सेडानमध्ये तसाच मोकळा पट्टा आल्यावर परत विचारलं, परत म्हणाला ७०, आणि फोनवर ९५. त्याची चूक म्हणता येणार नाही, गाडी बनवणाऱ्यांनी जाड काचा आणि चांगलं सस्पेन्शन देऊन तो आवाज न्‌ ती थरथर काढून टाकलेली असते, त्यासाठीच तर लोक असली गाडी घेतात. आधी मी स्वतः करून बघितलं होतं तेव्हा माझाही अंदाज कमीच निघाला होता, फक्त फरक एवढा मोठा नव्हता.

दुसरी गोष्ट ठरवून केलेली नव्हती. रात्री पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला, चौकात डावीकडे वळायचं होतं. वळण पूर्ण व्हायच्या आत, स्टेअरिंग अजून सरळ व्हायचं होतं तेवढ्यात त्याने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला. जोरात नाही हं, हॅचबॅकमध्ये ठेवतो तेवढाच. टर्बोला जोर धरायला जो क्षणभर वेळ लागतो तो गेला आणि मग टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) एकदम आला, मागचा भाग किंचित बाहेर सरकला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, गाडीने आपणहून चाकांना ब्रेक लावून इंजिनची ताकद कापली आणि गाडी परत सरळ. हे सगळं सेकंदभरात, आणि वेग ताशी ३० सुद्धा नसेल. मी विचारलं, काही जाणवलं का रे? तर म्हणतो, "हो काका, काय ग्रिप आहे यार हिला!"

मला जे काय म्हणायचंय ते सगळं या एका वाक्यात आलं. हॅचबॅकमध्ये हीच घाई केली असती तर पुढची चाकं चर्रर्र वाजली असती, गाडी थोडी बाहेरच्या बाजूला गेली असती, पोरगं दचकलं असतं आणि पुढच्या वेळी पाय आपोआप उशिरा ठेवला असता. शिकणं असंच होतं, छोटी चूक, छोटा दणका, लगेच. इथे चूक मोठी होती, गाडीने ती गुपचूप निस्तरली, आणि त्याच्या डोक्यात नोंद झाली ती उलटी, की या गाडीला इथे एवढी ग्रिप मिळते. पुढच्या वेळी तो पाय थोडा जास्त ठेवणार आणि त्याच्या पुढच्या वेळी अजून थोडा, आणि कुठल्यातरी ओल्या चौकात किंवा टायर झिजलेले असताना ते इलेक्ट्रॉनिक्स पुरं पडणार नाही. स्टॅबिलिटी कंट्रोल रबर आणि रस्ता यांच्यातली पकड वाढवू शकत नाही, आहे तीच नीट वाटून देतं. स्पोर्ट मोडमध्ये (गाडी जास्त चपळ करणारी सेटिंग) बऱ्याच गाड्यांत ते जरा उशिराने मध्ये पडतं आणि बटण दाबून ठेवलं तर बऱ्यापैकी बंदही होतं. आमच्या गाडीत ते बटण कुठंय हे पुतण्याला माझ्याआधी माहीत होतं.

सिम्युलेटर आणि कार्टिंगचा मुद्दा त्याने गाडीतच काढला. फायदा होतो, मी नाही म्हणत नाही, हात खरंच छान चालतात त्याचे, गाडी सरकली तर स्टेअरिंग उलटं कसं द्यायचं हे त्याला बऱ्याच जुन्या ड्रायव्हरपेक्षा चांगलं माहीत आहे. पण ट्रॅकवर सगळे एकाच दिशेला जातात, गल्लीतून कुणी अचानक बाहेर येत नाही, आणि सिम्युलेटरमध्ये ठोकली की परत सुरू. नवीन ड्रायव्हर बहुतेक वेळा हाताने चुकत नाही, डोळ्याने चुकतो. जुना ड्रायव्हर लांब बघतो, आरसे बघतो, बाजूला उभ्या गाडीखाली कुणाचे पाय दिसतायत का बघतो, नवीन ड्रायव्हरची नजर बॉनेटच्या थोडं पुढे अडकलेली असते. त्या सकाळीच एक झालं, आमच्या पुढे टेम्पो होता आणि तो हळूहळू उजवीकडे सरकायला लागला. मी मनात म्हणलं याच्यापुढे डाव्या हाताला कुणीतरी सायकलवाला असणार. होताच. पुतण्याला तो टेम्पो पूर्ण बाजूला झाल्यावर दिसला, मग ब्रेक. यात त्याची हुशारी कमी पडत नाही, यालाच आपण जजमेंट म्हणतो, आणि ते यायला रस्त्यावरचे तास लागतात, दुसरा मार्ग नाही.

घरी आल्यावर दादाने लगेच तोडगा काढला, मग याला अ‍ॅडव्हान्स कोर्सला पाठवू, स्किड वगैरे सगळं शिकवतात. यावर माझ्याकडे एक गोष्ट तयार होती. नॉर्वेने १९७९ मध्ये नव्या ड्रायव्हर्सना निसरड्या रस्त्यावर गाडी सांभाळायचं ट्रेनिंग सक्तीचं केलं, आणि नंतर तपासलं तर तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात वाढलेले निघाले. मला येतं म्हणल्यावर माणूस जास्त वेगाने जातो, एवढं साधं आहे ते. कोर्स वाईट असं माझं म्हणणं नाही, पण कोर्स केला म्हणून चावी, हा व्यवहार उलटा पडू शकतो.

आता वेगाचं गणित. दादाला आकडे आवडतात म्हणून मी कागदावर करून दाखवलं होतं, ते इथे देतो. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. काहीतरी दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा, म्हणजे ४२ मीटर ब्रेक लागायच्या आधीच गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने अजून ४९ मीटर. एकूण ९१ मीटरवर गाडी थांबली. आता तीच गाडी, तोच ड्रायव्हर, वेग फक्त १२०. दीड सेकंदात ५० मीटर गेले, उरले ४१, त्यात ब्रेक पूर्ण दाबलेला आहे, आणि जिथे पहिली गाडी थांबली होती त्या जागी ही गाडी अजून ताशी ७८ ने चाललेली असते. दादाने ते गणित स्वतः परत केलं, फोनवर कॅल्क्युलेटर काढून. मग काही वेळ बोलला नाही. २० चा फरक, आणि आमच्या गाडीत ७० आणि ९५ यातला फरकच चालवणाऱ्याला कळला नव्हता. शिवाय हॅचबॅकला १०० वरून १२० ला न्यायला पाय दाबून वाट बघावी लागते, त्या वेळात विचार बदलू शकतो, सेडानमध्ये ते दोन सेकंदांचं काम आहे.

ओव्हरटेकचा मुद्दा दादाचा सगळ्यात भक्कम. खरंच आहे, ६० वरून १०० ला जायला साध्या गाडीला सहा-सात सेकंद लागतात, हिला तीनच्या आसपास, म्हणजे चुकीच्या लेनमध्ये कमी वेळ. मी स्वतः म्हणूनच ताकदीची गाडी पसंत करतो. पण हा फायदा कधी मिळतो, तर जेव्हा तुम्ही तेच गॅप घेता जे साध्या गाडीने घेतले असते. माणूस तसं करत नाही. पिकअप आहे म्हणल्यावर जे गॅप आधी सोडून दिले असते तेही घ्यायला लागतो, आणि मग शिल्लक तेवढीच राहते, फक्त आता सगळं दुप्पट वेगाने घडतं. अनुभवी माणूसही हेच करतो खरं तर, फक्त त्याला समोरच्या गाडीच्या वेगाचा अंदाज बरा असतो.

यात अजून एक पात्र आहे ज्याच्याबद्दल घरात कुणी बोलतच नव्हतं, ते म्हणजे मित्र. गाडी मिळाली की मागच्या सीटवर तीन जण बसणार, ३०० हॉर्सपॉवर आहे म्हणल्यावर तर नक्कीच, आणि कुणीतरी म्हणणार दाखव की जरा. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, गाडी चालवायचा एक साधा व्हिडिओ गेम, थोडं जास्त पुढे जायचा धोका पत्करला तर पॉइंट जास्त, पण धडकलात तर गेले. काहींनी एकट्याने खेळायचं, काहींनी बरोबरीचे मित्र बघत असताना. १३ ते १६ ची मुलं मित्रांसमोर खूपच जास्त धोका घ्यायला लागली, १८ ते २२ वाल्यांचंही वाढलं, आणि २४ च्या पुढच्यांना जवळजवळ काही फरक पडला नाही. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो हे आता बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. पण आपल्या घरातल्या मुलाबद्दल बोलताना कुणालाच ते आठवत नाही, कारण तो आपल्यासमोर असतो तेव्हा एकटा असतो. पुतण्या माझ्यासमोर छान चालवतो यावरून तो शुक्रवारी रात्री कसा चालवेल हे मला कळूच शकत नाही. शेजारी मोठं माणूस असताना शिकाऊ मुलांचे अपघात अगदी कमी असतात आणि एकट्याने चालवायला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांत एकदम वाढतात, हे तर देशोदेशी दिसलेलं आहे.

म्हणूनच न्यूझीलंडने १९८७ मध्ये लायसन्स टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली, मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने चालवायचं नाही आणि सोबत अनुभवी माणूस नसेल तर पॅसेंजरही घ्यायचे नाहीत, आणि नंतर बऱ्याच देशांनी तेच धरलं. गाडीच्या ताकदीवर थेट बंधन घालणारेही आहेत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया वगैरे राज्यांत नवीन लायसन्सवाल्याला दर टनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. आमची गाडी बसवून बघितली, ३०० हॉर्सपॉवर म्हणजे २२४ किलोवॅट, वजन १५५० किलो, येतात १४४. बाद. इटलीत तर आधी पहिल्या वर्षी टनाला ५५ आणि एकूण ७० किलोवॅट एवढीच मुभा होती, २०२४ च्या शेवटी नियम सैल केला तो ७५ आणि १०५ असा, पण मुदत एक वर्षावरून तीन वर्षं केली. त्यांच्या सैल केलेल्या नियमातही आमची गाडी दुपटीने वर जाते. भारतात ताकदीची अट नाही, वयाची आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८ च्या खालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. पुतण्या १८ चा असल्याने ते लागू नव्हतं, दादाने ते लगेच दाखवून दिलं. मी म्हणलं वाढदिवसाच्या आदल्या दिवशी चावी दिली असतीस तर तुरुंग, दुसऱ्या दिवशी दिली तर कौतुक, एका रात्रीत त्याच्या डोळ्यात काय बदललं ते सांग.

तर मग काय करायचं. वहिनींना वाटत होतं की झालं, हॅचबॅकच वापरू दे. इथे मात्र मी त्यांच्याही विरोधात गेलो, कारण दादाचा सेफ्टीचा मुद्दा अर्धा खरा होता. पोराला शिकायला म्हणून घरातली सगळ्यात जुनी, सगळ्यात हलकी गाडी द्यायची पद्धत मला तितकीच चुकीची वाटते. ज्याच्याकडून ठोकायची शक्यता सगळ्यात जास्त त्यालाच आपण सगळ्यात कमी संरक्षण देतो. आमच्या हॅचबॅकमध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल नाहीच. अमेरिकेतली इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी तरुण मुलांसाठी गाड्या सुचवते, त्यांचंही म्हणणं साधारण असंच आहे, फार ताकदीची नको, फार छोटी हलकी नको, स्टॅबिलिटी कंट्रोल पाहिजेच, क्रॅश टेस्टमध्ये चांगली ठरलेली पाहिजे. मधलीच निवडायची थोडक्यात.

मग हॅचबॅक काढून एक मध्यम आकाराची, वापरलेली पण अलीकडची गाडी घेतली, ११५ च्या आसपास हॉर्सपॉवर, सहा एअरबॅग, स्टॅबिलिटी कंट्रोल, ऑटो ब्रेकिंग. रंग पुतण्याला आवडला नाही. दोन गोष्टींवर मी अडून बसलो. एक, गाडी घराची, त्याची नाही. २००९ मध्ये पेडियाट्रिक्स या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या शाळकरी ड्रायव्हर्सचा अभ्यास आला होता, ज्या मुलांकडे गाडी मुख्यतः स्वतःच्या वापराला होती त्यांचे अपघात घरची गाडी वाटून वापरणाऱ्यांच्या दुपटीपेक्षा जास्त. चावी मागायला लागली की कुठे चाललास, कधी येणार हे दोन प्रश्न आपोआप येतात, बहुतेक त्यातच अर्धं काम होतं. दुसरं, पहिले सहा महिने मित्र बसवायचे नाहीत आणि रात्री उशिरा चालवायची नाही. यावर पुतण्या खरंच चिडला, गाडीच्या ताकदीवरून चिडला नव्हता एवढा, म्हणाला मग गाडीचा उपयोग काय. आणि त्याच्या जागी बघितलं तर बरोबरच आहे, १८ व्या वर्षी गाडी कॉलेजला जायला हवी असते असं फक्त आईबापांना वाटतं.

दादाने मध्येच एक सुचवलं होतं की सेडानलाच लगाम लावू. काही कंपन्या असं देतात, फोर्डची मायकी आहे, शेव्रोलेची टीन ड्रायव्हर आहे, मुलाच्या चावीवर टॉप स्पीड मर्यादित, बेल्ट लावल्याशिवाय गाणी बंद वगैरे. चांगल्या सोयी आहेत, मी असतो तर वापरल्या असत्या. पण टॉप स्पीड अडवून आमचा प्रश्न सुटत नव्हता, कारण तो चौकातला प्रकार ताशी ३० च्या आत झाला होता.

सेडानचं असं ठरलं की पुतण्या ती चालवेल, पण दादा शेजारी असतानाच आणि नॉर्मल मोडमध्ये. यात एक गंमत झाली. काही आठवड्यांनी वहिनींच्या लक्षात आलं की बापलेक फेरफटका मारून येतात तेव्हा दोघंही जरा जास्तच खुश असतात. पुतण्याला विचारलं तर सरळ म्हणाला, बाबाच म्हणतात थोडी दाब की, बघ कशी उचलते. म्हणजे ज्या मित्राची भीती होती तो शेजारच्या सीटवर बसला होता, ५० वर्षांचा. मग दादाची वेगळी शाळा झाली, ती मी इथे लिहीत नाही.

याला आता वर्ष होऊन गेलं. घेतलेली मध्यम गाडी पार्किंगमध्ये खांबाला एकदा घासली, बंपर रंगवला. गाडीच्या अ‍ॅपमध्ये जोरात मारलेल्या ब्रेकची नोंद होते, पहिल्या दोन महिन्यांत ती सारखी यायची, आता क्वचित येते. यावरून काही सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही, एका पोराचं एक वर्ष आहे ते, आणि सेडान दिली असती तरी कदाचित काहीच झालं नसतं, बहुतेकांचं काही होत नाही. दादा हेच म्हणतो आणि त्याला मी काही उत्तर देऊ शकत नाही.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच हिशोबात नव्हती. त्याच्या एका मित्राला घरून मोठी ताकदीची एसयूव्ही मिळाली, आणि एका संध्याकाळी पुतण्याने ती चालवली. आम्ही घरातल्या चाव्यांचे नियम केले, दुसऱ्याच्या घरातल्या चाव्यांचे कसे करणार? चांगलं एवढंच की त्याने ते स्वतःहून आईला सांगितलं, म्हणाला, "आई, पाय तेवढाच ठेवला होता गं, गाडी कुठल्या कुठे गेली." पण मला त्यात एक बदल दिसला, ओल्या चौकात जे त्याला कळलंच नव्हतं ते या वेळी कळलं होतं. वर्षभर साध्या गाडीवर पायाला जी सवय झाली त्यामुळे फरक जाणवला असं मला वाटतं, दादाला वाटतं एसयूव्ही उंच असते म्हणून जाणवला.

दादाने आता सेडान विकायला काढली आहे आणि त्याच्या मनात इलेक्ट्रिक आहे. घरगुती दिसणारी, पाच जण आरामात बसतील अशी, आणि ० ते १०० चार सेकंदांत. आवाज नाही, टर्बोची वाट बघणं नाही, पाय ठेवला की टॉर्क हजर, वजन दोन टनांच्या वर. काही वर्षांपूर्वी हे आकडे सुपरकारचे होते, तेव्हा निदान बघणाऱ्याला कळायचं की ही गाडी पोराला द्यायची नसते. आता फॅमिली कार म्हणून ती घरात येते आणि कुणी दोनदा विचारही करत नाही. शोरूममध्ये विचारलं तर म्हणाले ड्रायव्हर प्रोफाइल करता येतं, त्यात पिकअप कमी करून पिनने लॉक करता येतं. वेगापेक्षा पिकअप अडवणारी सोय मला जास्त उपयोगाची वाटते, चौकातल्या त्या प्रकाराला हीच लागली असती. गाडी अजून बुक झालेली नाही, रंगावरून परत वाद चालू आहे, पण पिन वहिनी ठेवणार आणि दादालाही सांगणार नाहीत, यावर पुतण्यासकट सगळ्यांचं एकमत झालंय.